सीवनकर्मातील ग्रंथी : सूत्रास दृढ, व्रणौष्ठास मृदू

प्रास्ताविक

आचार्य सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायात अष्टविध शस्त्रकर्मांचे विवेचन केले असून त्यांत सीवनाची गणना सर्वांत शेवटी येते. छेदन, भेदन, लेखन, वेधन, एषण, आहरण व विस्रावण ही सात कर्मे शरीरातील काही उघडतात, शोधतात, काढतात अथवा वाहू देतात. जोडणारे कर्म एकच, ते म्हणजे सीवन. चरकाचार्यांनी द्विव्रणीय चिकित्सेत शस्त्रकर्मे सहाच मानली, तरी त्यांतही सीवनाला स्थान दिले आहे. यावरून या कर्माची अपरिहार्यता ध्यानात यावी.

पदवीच्या अभ्यासक्रमात आपण सर्वांनीच सीवनाचे चार प्रकार, सूत्रांची यादी व सूचींची मापे पाठ केलेली आहेत. तथापि ज्या एका बिंदूवर संपूर्ण टाक्याची भिस्त असते, त्या ग्रंथीचा, म्हणजे गाठीचा, विचार वर्गात अथवा चर्चासत्रात क्वचितच होतो. सुई योग्य निवडली, सूत्र उत्तम घेतले, अंतरही बरोबर राखले, परंतु गाठ सरकली तर व्रण उघडतो. आणि गाठ अति आवळली तर व्रणाचे ओठ मृत होऊन तो चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा उघडतोच. दोष परस्परविरुद्ध असले तरी परिणाम एकच.

धाराशिव जिल्ह्यात (पूर्वीचा उस्मानाबाद) हा विषय केवळ पुस्तकी नाही. गाळप हंगामात ऊसतोड कामगारांना कोयत्याने होणाऱ्या जखमा, मळणीयंत्रात सापडलेली बोटे, बैलाच्या शिंगाचे वार, दुचाकीचे अपघात यांचा पहिला उंबरठा बहुधा गावातील अथवा तालुक्यातील वैद्याचाच असतो. परंडा, भूम वा लोहाऱ्याकडील खेड्यातून जिल्हास्थानी पोचण्यास लागणारा वेळ लक्षात घेता, त्या पहिल्या उंबरठ्यावर काय होते यावर अनेकदा एखाद्या मजुराच्या हातापायाचे भवितव्य ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात ग्रंथी केंद्रस्थानी ठेवून सीवनकर्माचा विचार केला आहे.

सुश्रुतोक्त सूत्र, सूची व सीवनप्रकार

सुश्रुतांनी सांगितलेली सीवनद्रव्ये पाहता त्यांतील बरीचशी आपल्या परिसरातलीच आहेत. अश्मंतक म्हणजे सामान्यतः आपटा. त्याच्या सालीचा तंतू चिवट असतो. शण म्हणजे ताग. क्षौम म्हणजे अतसीच्या, अर्थात आपल्या जवसाच्या, देठाचा धागा. याखेरीज स्नायू, केस, मूर्वा व गुळवेल यांचे तंतू सांगितले आहेत. सूत्र सूक्ष्म असावे, हा त्यांतील समान आग्रह होय.

सूचींचे तीन प्रकार सांगितले आहेत. अल्पमांस प्रदेशी व संधीच्या ठिकाणी दोन अंगुळे लांबीची वृत्त, मांसल प्रदेशी तीन अंगुळे लांबीची त्र्यस्र, आणि मर्मस्थानी, वृषणावर व उदरावर धनुष्यासारखी वक्र सूची वापरावी, असा निर्देश आहे. आजही गोल अंगाची, तीन धारांची व अर्धवर्तुळाकार सुई हे भेद कायम आहेत, फक्त त्यांच्या योजनेचे निकष अधिक काटेकोर झाले आहेत. त्वचा कठीण असल्याने तिला धारेची सुई लागते, तर आतील मृदू ऊतींना गोल अंगाची सुई कमी इजा करते.

वेल्लितक, गोफणिका, तुन्नसेवनी व ऋजुग्रंथी हे सीवनाचे चार प्रकार. मराठी वाचकास यांतील दोन नावे उकलून सांगण्याची गरजच नाही. ज्वारीच्या शिवारात पाखरे राखणाऱ्याच्या हातची गोफण आजही आपल्या परिचयाची आहे, आणि फाटलेले वस्त्र तुणण्याची क्रिया 'तुन्न' या शब्दाचीच वंशज आहे. वेलीप्रमाणे सलग वेढे घेत जाणारे वेल्लितक हे आजच्या सलग टाक्याशी, गोफणिका ही गुंतवत नेलेल्या सलग टाक्याशी, तुन्नसेवनी ही रफूसारख्या वा त्वचेखालील टाक्याशी व ऋजुग्रंथी ही सुट्या टाक्यांशी बहुतेक पाठ्यपुस्तकांत जुळवली जाते.

येथे ग्रंथीच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद असा की, सलग टाक्यात प्रारंभीची व शेवटची अशा दोनच गाठींवर संपूर्ण व्रणाचा भार असतो. त्यांतील एक सुटली तरी सारी शिवण सैल होते. ऋजुग्रंथीत प्रत्येक टाका स्वतंत्र असल्याने एक गाठ सुटली तरी शेजारचे टाके व्रण सांभाळतात. शिवाय एखाद्या ठिकाणी पूय झाल्यास तेवढाच टाका काढून स्राव बाहेर जाऊ देता येतो. बाह्यरुग्ण विभागात, जेथे रुग्ण पुन्हा केव्हा येईल याची शाश्वती नसते, तेथे ऋजुग्रंथी अधिक सुरक्षित ठरते ती याच कारणाने.

गाठीपूर्वीचा निर्णय : सीव्य की असीव्य?

उत्तम गाठ चुकीच्या व्रणावर बांधली तर ती अपायच करते. सद्योव्रण, नीट लेखन केलेले व्रण, मेदोज ग्रंथी काढल्यानंतरचे व्रण व चल संधीच्या आश्रयाने असलेले व्रण सुश्रुतांनी सीव्य मानले आहेत. क्षार, अग्नी व विष यांनी दूषित, वायू वाहणारे, तसेच आत रक्त वा शल्य राहिलेले व्रण मात्र शिवू नयेत, त्यांचे प्रथम सम्यक् शोधन करावे, अशी आज्ञा आहे. धूळ, केस, नख, सुटलेले अस्थिखंड आत राहिल्यास व्रणपाक होऊन तीव्र वेदना होतात, हेही त्यांनी बजावले आहे.

या आज्ञेचे महत्त्व आपल्या जिल्ह्याइतके दुसऱ्या कोणास पटावे? ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झालेल्या भूकंपात लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर व तत्कालीन उमरगा तालुक्यातील सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती व माळवदाची जड छते झोपेतील माणसांवर कोसळली आणि हजारो जीव गेले. अशा आपत्तीतील व्रणांचे स्वरूप विचारात घ्यावे: चिरडलेले मांस, त्यात रुतलेली माती व दगडाची कपची, आणि उपचार मिळेपर्यंत उलटलेले कित्येक तास. असा व्रण वरून कितीही सुबक शिवला तरी आतील मृत मांस व माती ही कोथाला व धनुर्वातासारख्या व्याधीला आमंत्रणच होय. असे व्रण भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावेत, मृत ऊती काढाव्यात, व्रण उघडा ठेवून पट्टी करावी व तो निर्दोष दिसल्यास साधारण तीन ते पाच दिवसांनी शिवावा, ही रीत पहिल्या महायुद्धातील शल्यचिकित्सकांच्या अनुभवातून सर्वत्र रूढ झाली. सुश्रुतांचा 'आधी शोधन, मग सीवन' हा क्रम तत्त्वतः हाच आहे.

श्वानदंशाचेही तसेच. आलर्क विषाची शंका असलेला व्रण साबण व वाहत्या पाण्याने सुमारे पंधरा मिनिटे धुणे, प्रतिबंधक लस व आवश्यक तेथे व्रणात इम्युनोग्लोब्युलिन देणे हे प्रथम कर्तव्य आहे. शिवणे शक्य तो टाळावे. अगदीच अपरिहार्य असेल तर इम्युनोग्लोब्युलिन दिल्यानंतर मोजके व सैल टाके घ्यावेत. विषजुष्ट व्रण असीव्य, हे वचन येथे शब्दशः लागू पडते.

सुरगाठ व निरगाठ

आपल्या भाषेत गाठीचे दोन भेद लहान मुलालाही ठाऊक असतात. टोक ओढताच सुटते ती सुरगाठ, आणि ओढावे तितकी घट्ट होते ती निरगाठ. शल्यकर्मात अपेक्षित असते ती निरगाठ. परंतु घाईत बांधलेली गाठ दिसायला निरगाठ असूनही वागायला सुरगाठ निघते. हे कसे घडते ते पाहू.

प्रत्येक गाठ किमान दोन वेढ्यांची बनते. पहिला वेढा व्रणाचे ओठ जवळ आणतो, पण तो केवळ घर्षणावर टिकून असतो. दुसरा वेढा त्यास कुलूप लावतो. दुसरा वेढा पहिल्याच्या उलट दिशेने, आरशातील प्रतिमेप्रमाणे बसला तर दोन्ही बाजूंचे धागे जोडीजोडीने समांतर बाहेर पडतात व गाठ चौकोनी, सपाट दिसते. हीच खरी निरगाठ. दोन्ही वेढे एकाच दिशेने घेतले तर धागे आडवे-तिरपे बाहेर पडतात व ताण येताच गाठ सरकते. तसेच दिशा बरोबर असूनही एक धागा ताठ धरून दुसराच त्यावर फिरवला, तर ताठ धाग्याभोवती सरकणारी गाठ तयार होते. यास्तव प्रत्येक वेढा बसवताना दोन्ही टोके समान बलाने, विरुद्ध दिशांना व व्रणाच्या पातळीत आडवी ओढावीत. वर उचलून ओढू नयेत.

नीडल होल्डरने गाठ बांधताना एक सोपा नियम पाळावा. प्रत्येक वेळी नीडल होल्डर दोन्ही धाग्यांच्या मधोमध ठेवावा, लांब धागा त्यावरून गुंडाळावा, आखूड टोक पकडून वेढ्यातून काढावे व दर वेळी ते व्रणाच्या विरुद्ध बाजूस न्यावे. एवढे पाळले की वेढ्यांची दिशा आपोआप आलटून-पालटून पडते व निरगाठच बनते. ओठांवर थोडा ताण असेल तर पहिल्या वेढ्यात धागा दोनदा गुंडाळावा. वाढलेल्या घर्षणामुळे दुसरा वेढा बसेपर्यंत तो ढिला होत नाही.

वेढे किती असावेत हे सूत्रावर अवलंबून असते. पीळदार वा विणलेल्या सिल्कमध्ये धागा धाग्याला धरून ठेवतो, म्हणून तीन वेढे सामान्यतः पुरतात. विणलेल्या पॉलिग्लॅक्टिनला तीन ते चार वेढे द्यावेत. नायलॉन व पॉलिप्रोपिलिन हे एकतंतू सूत्र गुळगुळीत व मूळ आकारात परतू पाहणारे असल्याने त्यांना चार ते सहा वेढे लागतात. सिल्कची सवय झालेला हात नायलॉनवरही तीनच वेढे देतो, आणि गाठ सुटण्याचे हे एक नेहमीचे कारण असते. कॅटगट ओले झाल्यावर फुगते, त्यामुळे त्याची टोके अगदी जवळून कापू नयेत.

मात्र जास्त वेढे म्हणजे जास्त सुरक्षा असेही नाही. निरगाठ नीट बसल्यानंतरचे अनावश्यक वेढे केवळ परकीय द्रव्याचा भार वाढवतात, आणि शरीरात पुरलेल्या गाठीभोवती जंतूंना आश्रय मिळतो. पुरलेल्या गाठीची टोके दोन-तीन मिलिमीटर, तर त्वचेवरील टोके टाके काढताना चिमट्यात धरता येतील इतकी, सुमारे अर्धा सेंटिमीटर किंवा थोडी अधिक ठेवावीत. सूत्र नेहमी गाठीपाशीच सर्वांत दुर्बल असते व तुटते तेही तेथेच. म्हणून जो भाग गाठीत वा टाक्यात राहणार आहे तो नीडल होल्डरच्या दातांत कधीही धरू नये.

ताण किती द्यावा?

येथे प्रस्तुत विषयाचे मर्म आहे. गाठीतील वेढे एकमेकांवर घट्ट बसलेले हवेत, परंतु टाक्याने व्रणौष्ठांना नुसते भेटवावे, आवळू नये. म्हणजे दृढता सूत्राच्या सूत्राशी असलेल्या संबंधात हवी, व मृदुता सूत्राच्या ऊतींशी असलेल्या संबंधात. या दोन गोष्टींची गल्लत हेच बहुतेक बिघडलेल्या टाक्यांचे मूळ असते. गाठ सुटेल या भीतीने टाका आवळला जातो. वास्तविक गाठ सुटते ती वेढे चुकल्याने, आणि आवळण्याने ती चूक सुधारत नाही.

टाका घेतल्यानंतर व्रणौष्ठ पांढुरके पडले तर टाका घट्ट झाला असे समजावे व तो काढून पुन्हा घ्यावा. ओठ गुलाबी राहून किंचित बाहेरच्या बाजूस उचललेले दिसावेत. पुढील दोन-तीन दिवसांत व्रणशोथामुळे ओठ फुगतात. धागा मात्र तेवढाच राहतो. परिणामी आज योग्य वाटलेला टाका परवा आपोआप आवळला जातो. ही वाढ गृहीत धरून थोडी जागा ठेवणे हेच कौशल्य होय. ती न ठेवल्यास रक्तसंचार थांबतो, सूत्र मांस कापत आत जाते, पूय होतो, आणि व्रण भरला तरी दोन्ही बाजूंस रेल्वेच्या रुळांसारख्या आडव्या खुणा कायम राहतात.

टाके फार दूर घेतल्यास व्रणौष्ठांत वेदना होतात व फार जवळ घेतल्यास ओठ फाटतात, असे सुश्रुतांनी सांगितले आहे. खोल व्रणात ताण त्वचेवर न टाकता आतील थर विरघळणाऱ्या सूत्राने आधी जोडावा, म्हणजे त्वचेच्या गाठीवर भार राहत नाही. गाठ व्रणरेषेवर न ठेवता एका बाजूस, रक्तसंचार अधिक चांगला असलेल्या ओठाकडे बसवावी. कोयत्याचा वार गुडघ्यावर असेल तर टाक्यांइतकेच महत्त्व सांधा स्थिर ठेवण्याला आहे, अन्यथा प्रत्येक पावलागणिक गाठ ओढली जाते.

क्षारसूत्र : तेच सूत्र, दोन भिन्न गाठी

ग्रंथीचा हेतूशी असलेला संबंध क्षारसूत्रात सर्वांत स्पष्ट दिसतो. बनारस हिंदू विश्वविद्यालयात डॉ. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विधीचे आधुनिक काळात पुनरुज्जीवन केले. सूत्र म्हणून २० क्रमांकाचा लिनन धागा, म्हणजे सुश्रुतोक्त क्षौमच, घेऊन त्यास एकूण २१ लेप दिले जातात: ११ स्नुहीक्षीराचे, ७ स्नुहीक्षीर व अपामार्ग क्षाराचे आणि ३ स्नुहीक्षीर व हरिद्रेचे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बहुकेंद्रीय अभ्यासात भगंदराच्या पुनरुद्भवाचे प्रमाण क्षारसूत्राने सुमारे ४ टक्के, तर शस्त्रकर्माने सुमारे ११ टक्के आढळले. भरून येण्यास मात्र क्षारसूत्राने अधिक काळ लागला.

भगंदरात सूत्र मार्गात सैलसर बसवून गाठ बाहेर बांधतात. ते दर आठवड्यास बदलत हळूहळू छेदन व रोपण एकाच वेळी साधले जाते. येथे आवळलेली गाठ वेदना वाढवते आणि मार्ग भरण्यापूर्वीच कापला जातो. अर्शात मात्र मूळाशी सूची आरपार काढून सूत्र घट्ट बांधले जाते, कारण तेथे रक्तसंचार थांबवणे हाच हेतू असतो; आणि तेव्हा त्वचेचा भाग गाठीत येऊ दिला तर रुग्णास असह्य वेदना होतात. सीवनात जो दोष, तोच अर्शबंधनात गुण. म्हणून गाठ बांधण्यापूर्वी 'ही गाठ ऊती जगवण्यासाठी की गळवण्यासाठी?' हा प्रश्न स्वतःस विचारावा.

अधिकाराची मर्यादाही येथेच नोंदवणे उचित. नोव्हेंबर २०२० च्या अधिसूचनेत नमूद ५८ शस्त्रकर्मे (शल्याची ३९ व शालाक्याची १९) ही त्या विषयांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासंबंधी आहेत. केवळ पदवीधर वैद्याने त्यांचा आधार घेऊ नये. बाह्य व वरवरच्या व्रणापलीकडे कंडरा, नाडी, मोठी रक्तवाहिनी, सांधा, उदर वा वक्ष यांना इजा दिसल्यास रक्तस्राव दाबपट्टीने रोखून रुग्णास पुढे पाठवणे हीच योग्य चिकित्सा. हातावरील व्रण शिवण्यापूर्वी प्रत्येक बोटाची हालचाल व स्पर्शज्ञान तपासून कागदावर नोंदवावे. वरून सुंदर शिवलेल्या त्वचेखाली तुटलेली कंडरा राहून गेली तर त्या मजुराचे कामच जाते.

योग्या : अभ्यासाचे साहित्य

सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायात सीवनाचा अभ्यास पातळ व जाड वस्त्रांच्या कडांवर आणि मऊ चामड्यावर करावा असे सांगितले आहे. आजही याहून सोयीची पद्धत नाही. उस्मानाबादी शेळी ज्या जिल्ह्याच्या नावाने ओळखली जाते, तेथे खाटिकाकडून शेळीच्या कातड्याचा तुकडा मिळणे अवघड नसावे. फळीवर तो ताणून बसवावा, चीर द्यावी व सिल्क आणि नायलॉन या दोन्ही सूत्रांनी प्रत्येकी दहा गाठी बांधाव्यात. नंतर टाक्याच्या वेढ्यात कात्री घालून ती उघडावी: निरगाठ असेल तर धागा तुटेल पण गाठ सरकणार नाही. सरकलेल्या गाठी मोजाव्यात. दहापैकी दहा टिकेपर्यंत हा अभ्यास चालू ठेवावा. धाराशिव येथे शासकीय आयुर्वेद महाविद्यालय असल्याने संघटनेच्या तालुका शाखांनी तेथील शल्यतंत्र विभागाच्या मार्गदर्शनाखाली वर्षातून एकदा, गाळप हंगामापूर्वी, अशी योग्या आयोजित करणे सहज शक्य आहे.

औषध विक्रेत्यांसाठी

सीवनसूत्रे ही आता २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांच्या कक्षेत येतात, म्हणून त्यांची खरेदी-विक्री नोंदी व देयकासहच व्हावी. क्रमांकातील शून्ये जितकी अधिक तितके सूत्र बारीक: चेहऱ्यासाठी ५-० वा ६-०, हातापायांसाठी व धडासाठी ३-० वा ४-० सामान्यतः लागते. वेष्टनावर सुईचा प्रकार, सूत्राचे द्रव्य व मुदत ही तिन्ही पाहून द्यावीत. वेष्टने थंड व कोरड्या जागी ठेवावीत. फुटलेले वा उघडलेले वेष्टन परत घेऊन पुन्हा विकू नये, आणि उरलेले सूत्र उकळून वापरण्याचा सल्ला कोणासही देऊ नये. मागितलेल्या सिल्कऐवजी नायलॉन दिले असल्यास वैद्यास तसे आवर्जून सांगावे. वेढ्यांची संख्या बदलते हे आता वाचकांच्या ध्यानात आलेच आहे.

पश्चात्कर्म

सीवनानंतर प्रियंगु, अंजन, यष्टिमधु व लोध्र यांचे चूर्ण अवचूर्णन करून पट्टबंधन करावे असे ग्रंथोक्त विधान आहे. आज ते चूर्ण निर्जंतुक असल्याची खात्री नसेल तर ताज्या व्रणावर वापरू नये, निर्जंतुक पट्टी पुरेशी आहे. धनुर्वात प्रतिबंधक लसीची चौकशी न चुकता करावी. रुग्णास दुसऱ्या अथवा तिसऱ्या दिवशी बोलवावे, कारण आवळलेला टाका तेव्हाच ओळखू येतो. टाके चेहऱ्यावरील तीन ते पाच, डोक्यावरील व धडावरील सात ते दहा, हातापायांवरील दहा ते चौदा व सांध्यावरील सुमारे चौदा दिवसांनी काढावेत. मधुमेही व वृद्ध रुग्णांत थोडा अधिक काळ थांबावे. ऊसतोड कामगार फडाबरोबर गाव बदलतो, म्हणून टाके काढण्याची तारीख व टाक्यांची संख्या लिहिलेली चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी. पुढच्या गावच्या वैद्यास ती उपयोगी पडेल.

समारोप

सूत्र कोणते, सुई कोणती, याचे उत्तर आज वेष्टनावर छापलेले मिळते. व्रण शिवावा की नाही आणि गाठ किती ओढावी, याचे उत्तर मात्र वैद्याच्या बुद्धीत व बोटांतच असते. व्रण शुद्ध नसेल तर शिवू नये. शिवला तर वेढे आलटून-पालटून, सूत्रास साजतील तितके द्यावेत. आणि ओठ पांढरे पडण्यापूर्वी हात थांबवावा. वैद्यबंधु-भगिनींनी या तीन गोष्टी आपल्या शस्त्रकर्म-कक्षाच्या भिंतीवर लिहून ठेवाव्यात, ही नम्र विनंती.